काळ्या द्राक्षांचा घड सॉफ्ट पेस्टलमध्ये

सॉफ्ट पेस्टलने, म्हणजे भुकटी सुटणाऱ्या मऊ रंगीत खडूंनी, चित्र काढायचंय आणि सांगलीत राहतोस, तर सुरुवात तासगावच्या काळ्या द्राक्षांनीच कर. घड धुऊ नकोस. सालीवरचा तो पांढरट मेणचट थर सॉफ्ट पेस्टलमध्ये जितका छान उतरतो तितका कशातच नाही. कागद मात्र खरखरीत हवा, गुळगुळीत कागद भुकटी धरत नाही. आधी गडद जांभळा-निळा भर, मग खडू आडवा धरून हलक्या हाताने निळसर राखाडी फिरव. तिथे बोट लावायचंच नाही! घासून घासून मी कितीतरी घड मातकट केलेत. मण्यावरचा थर जिथे पुसला गेलाय तिथेच चमक दिसते, नीट बघ. भुकटी फुंकू नकोस, नाकात जाते; बोर्ड उभा करून मागून टिचकी मार. फिक्सेटिव्हने, म्हणजे भुकटी कागदावर धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याने, फिकट रंग दबतात, म्हणून चमकेचे ठिपके त्यानंतरच दे.