सुतारकाकांचा सल्ला : पाणी मागून शिरतं

प्रश्न : काका, मागच्या दिवाळीत फाटकासाठी सागवानी नावाची पाटी करून घेतली. दीड फूट लांब, फूटभर रुंद, समोरून चकचकीत व्हार्निशचे चार हात. चार कोपऱ्यांना स्क्रू मारून खांबाला घट्ट बसवली. उन्हाळ्यात मधोमध चीर गेली, ऑगस्टपर्यंत व्हार्निशचे पापुद्रे निघाले आणि स्क्रूंभोवती काळे डाग पडले. अजून दोन हात मारू का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : ब्रश खाली ठेवा बाप्पा! सुटलेल्या व्हार्निशवर मारलेला नवा हात त्याच्यासोबतच सुटतो.

पाटी काढून उलटी करा. मागची बाजू कोरी असणार, पैज लावतो. भिंतीकडचं कोण बघतं, म्हणून सगळे ती सोडून देतात. पण पाणी तिथूनच शिरतं. खांबाला टेकलेल्या पाटीमागे पावसाचा ओलावा दिवसचे दिवस अडकून राहतो. फळीच्या कापलेल्या टोकांतून तर तो सगळ्यात जास्त आत जातो, कारण झाड ज्या नळ्यांनी पाणी वर चढवतं त्यांची तोंडं तिथे उघडी असतात. ऊन पडलं की हेच पाणी बाहेर निघू बघतं आणि व्हार्निशला ढकलून सोडवतं. त्यात व्हार्निश पारदर्शक असलं की ऊन थेट लाकडाला लागतं. मग लाकडाचा वरचा पदरच भुसभुशीत होतो, व्हार्निश धरणार कशाला?

आता चीर. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. आपल्या नागपुरात नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ रणरणत्या दिवसांत, पारा 45 च्या आसपास आणि ऑगस्टमध्ये कपडे वाळत नाहीत. एवढ्या फरकात फूटभर रुंदीची फळी दोन-तीन मिलिमीटर सहज कमी-जास्त होते. तुम्ही चारही कोपरे आवळून धरले, ती मधे फाटली. काळे डाग मात्र लोखंडी स्क्रूंचे. सागातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य आणि लोखंड ओलाव्यात भेटले की शाईच तयार होते.

व्हार्निश पूर्ण खरवडा. 80, मग 120, मग 180 नंबरचा पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेनेच. डागांवर ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावा (हातमोजे घालून), साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत चांगलं वाळू द्या. चिरेत लांबी (पुटी) भरू नका, पावसात लाकूड फुगलं की ती बाहेर ढकलली जाते. बारीक चीर असेल तर राहू द्या. वरची कड रंध्याने समोरच्या बाजूला उतरती करा, पाणी थांबायला नको.

मग बाहेरच्या कामाचं वुड ऑइल, सहाही बाजूंना. टोकांना पुन्हा पुन्हा पाजा, लाकूड प्यायचं थांबेपर्यंत. जादा राहिलेलं तेल पुसून घ्या, नाहीतर चिकट बसतं. तेलाची चिंधी मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसासारखं वाळणारं तेल वाळताना तापतं आणि गठ्ठा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंधी पाण्यात बुडवा किंवा मोकळी पसरून वाळवा. तेलाला दर वर्षी मे संपायच्या आत एक हात लागतो, पण खरवडावं लागत नाही. तेवढीही कटकट नको असेल तर सरळ प्रायमर आणि ऑइल पेंट मारा. रंगातलं रंगद्रव्य ऊन अडवतं. सागाच्या रेषा झाकल्या जातात म्हणून लोक हळहळतात. मला तर कोरलेली पांढरी अक्षरं गडद हिरव्या पाटीवर जास्त आवडतात.

बसवताना स्टेनलेसचे स्क्रू घ्या. वरची दोन भोकं गोल, खालची दोन उभी लांबट ठेवा आणि खालचे स्क्रू जेमतेम टेकवा. पाटी आणि खांबाच्या मधे बोटभर फट राहील असे गुटके घाला.

प्रश्न : काटोलजवळ संत्र्याच्या बगीच्यात पाटीसाठी लाकडी खांब रोवायचा आहे. डांबर फासून काँक्रीटमध्ये गाडला तर चालेल?
— एक वाचक

उत्तर : गाडूच नका. खांब कुजतो तो जमिनीच्या रेषेवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. शिवाय काँक्रीटच्या खळग्यात पाणी साठतं आणि वाळवीला आडोसा होतो. काँक्रीटमध्ये गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्ट्या उभ्या करा आणि खांब जमिनीपासून चार बोटं वर ठेवून त्यांना बोल्टने आवळा. लकडगंजच्या लाकूडबाजारात खांब घेताना पिवळट-पांढरी कड असलेला माल परत करा. सागाचा टिकाऊपणा मधल्या गडद लाकडात असतो, ती कड वाळवी आधी खाते.