महाडच्या तळ्याचे अस्सल कागद कुठे मिळतील?

प्रश्न : मॅडम, मी महाड तालुक्यात राहते, अकरावीत आहे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर प्रकल्प करतेय. सर म्हणतात, अस्सल साधनं वापर. पण इंटरनेटवर जिकडेतिकडे तोच तो मजकूर आहे आणि मुंबईला सारखं जाणं घरून जमणार नाही. मूळ कागद कुठे शोधू?

उत्तर : मुंबई सध्या बाजूला ठेव. 'बहिष्कृत भारत'पासून सुरुवात कर. सत्याग्रह झाला २० मार्च १९२७ला आणि बाबासाहेबांच्या या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला ३ एप्रिलला, जखमा ताज्या असताना. 'मूकनायक'सकट हे अंक राज्य शासनाने १९९०मध्ये पुन्हा छापले. जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हा खंड माग. पहिले काही अंक सावकाश वाच. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळातही शिरणार ही आवई, त्यानंतरची मारहाण, पोलिसांचं वागणं, याबद्दल जे सापडेल ते अंकाची तारीख आणि पान टाकून उतरवून घे.

पण ही एक बाजू झाली. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं काय होतं? ते कोर्टाच्या कागदांत आहे, आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह त्याच कागदांसाठी आहे. तळ्यावर आपलाच हक्क, अस्पृश्यांना मज्जाव ही पूर्वापार वहिवाट, असा दावा काही सवर्णांनी डिसेंबर १९२७मध्ये लावला. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. त्याच महिन्यात महाडला भरलेल्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, पण पुन्हा तळ्यावर जाणं का थांबलं, ते या हुकुमावरून कळतं. 'नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर' हा उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७चा. अनादी वहिवाट सिद्ध झाली नाही, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल इंग्रजीत आहे. सरांना शेजारी बसवून वाच. ओळखीच्या वकिलांना 'बॉम्बे लॉ रिपोर्टर'चा १९३८चा खंड विचार. निकाल देणारे न्या. ब्रूमफील्ड हे १९२२मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच न्यायाधीश, हेही प्रकल्पात लिही.

तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४मध्येच केला होता. प्राचार्यांचं पत्र घेऊन नगरपालिकेत जा आणि त्या वर्षाचं सभावृत्त पाहायला मिळेल का, ते विचार. मिळालं तर फोटोत पानाचा क्रमांक येऊ दे.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांशीही बोल. मात्र ते सांगतील ते आईवडिलांकडून ऐकलेलं असणार, तेव्हा 'आजीने तिच्या वडिलांकडून ऐकलेली हकीकत' असंच नोंदव. मार्चमधली महाडची परिषद भरवण्यात पुढे असलेल्या रा. बा. मोरे यांचं आत्मकथन आहे, तेही पाहा. ते घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेलं आहे, एवढं ध्यानात ठेव.

एवढं करूनही पोलीस किंवा सरकारी पत्रव्यवहार हवासा वाटला, तरच मुंबईच्या राज्य पुराभिलेखागाराची एक खेप कर. ते एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. जाताना विषय आणि वर्षं नेमकी लिहून ने.