ठिपके गिरवतो, कोऱ्या पाटीवर अडतो

ताई, साडेचार वर्षांचा मुलगा ठिपक्यांच्या वहीत ‘ग म भ न’ सुरेख गिरवतो, पण कोऱ्या पाटीवर त्याचा हात अडतो, शिवाय मालवणच्या पावसात वह्या सादळतात, असं तुम्ही लिहिलंय. यात त्याची काहीच चूक नाही. ठिपके जोडताना नजर पुढच्या ठिपक्यावर असते. अक्षर कुठे सुरू होतं, कुठे वळतं, हे हातात बसतच नाही. वही महिनाभर बाजूला ठेवा.

स्टीलच्या ताटात वाळूचा अर्ध्या सेंटिमीटरचा थर द्या, बोट फिरलं की तळ दिसायला हवा. किनाऱ्यावरची वाळू गोड्या पाण्याने तीन-चारदा धुवून, वाळवून, चाळून घ्या. मीठ राहिलं तर ती ओल धरते, गोळे होतात आणि रेघ तुटते. ऐन पावसात भाजून गार केलेला रवा बरा.

ताटावर आडवी सुतळी ताणून बांधा. आपलं अक्षर वरच्या रेघेला लोंबतं, इंग्रजीसारखं खालच्या रेघेवर बसत नाही. सुतळीखाली तुम्ही मोठं अक्षर काढा, त्याने त्याच खाचेतून तीनदा बोट फिरवावं. मग ताट हलवून पुसा आणि सुरुवातीच्या जागी फक्त एक टिकली ठेवा. दोन दिवसांनी तीही नको. हा आधार काढून घ्यायचं राहिलं, की मूल वर्षभर नुसतं गिरवत बसतं.

‘म’ असा: वरून खाली, डावीकडे गाठ, तिथूनच आडवं उजवीकडे, मग दंड वरून खाली आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी. मुलाचा हात धरू नका, त्याच्यासोबत मोठ्याने म्हणा, “खाली, गाठ, आडवं, दंड, टोपी.” शिरोरेषा आधी ओढायची सवय लागली तर ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ होतो, कारण भ आणि ध यांच्या डोक्यावर ती तुटलेली असते.

पाटीवर येताना खडूचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडाच द्या. तो मुठीत धरता येत नाही, म्हणून तीन बोटांची पकड आपोआप येते. अंगणातल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर बोटाने मुळीच नको, जांभ्याने कातडी सोलते. तिथे नारळाच्या सोडणाचं, म्हणजे काथ्याच्या सालीचं, टोक ठेचून कुंचला करा आणि पाण्याने लिहू द्या. रोज दहा मिनिटं पुरेत.

विकतच्या तक्त्यांवर बरेचदा हिंदी वळणाचे ल आणि श असतात. शासनाच्या २००९च्या निर्णयाप्रमाणे मराठीत ‘ल’ पाकळीचा (हिंदीसारखा उभ्या दंडाचा नाही), ‘श’ देठाचा (गाठीचा नाही). तक्ता घेताना हे आधी बघा.

शब्द आधी बिनकान्याचे: नग, नख, गरम. ‘फणस’ तर फारच छान, ओळखीचा आणि एकही मात्रा नाही. तिन्ही अक्षरं झाली की वरची रेघ ‘फ’पासून ‘स’पर्यंत एका दमात ओढायला लावा, तुकड्यातुकड्याने ओढली की तीन सुटी अक्षरं दिसतात, शब्द दिसत नाही.