खोडदच्या दुर्बिणीने २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरी शोधल्या, हे खरं आहे का? त्या तर अमेरिकेत २०१५ मध्येच सापडल्या होत्या ना?

अर्धं खरं आहे. मी जुन्नरकडचा, आणि जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आमच्याच खोडदला, त्यामुळे तिचं नाव पेपरात आलं की माझी कॉलर ताठ होते. पण ‘शोधल्या’ म्हणणं जरा जास्तच झालं.

आधी २०१५ चं. गुरुत्वीय लहर म्हणजे अवकाशालाच बसलेला हेलकावा. अमेरिकेतल्या लायगो या वेधयंत्रणेने पकडलेली लहर साधारण ३६ आणि २९ सूर्यांएवढ्या दोन कृष्णविवरांच्या टकरीची होती. सेकंदाच्या आत खेळ खल्लास. २०२३ मध्ये ज्यांचा माग लागला त्या लहरींचा एकेक हेलकावा पुरा व्हायला वर्षं लागतात. दीर्घिकांच्या पोटात कोट्यवधी सूर्यांच्या वजनाची कृष्णविवरं जोडीने एकमेकांभोवती फिरतात, त्या सगळ्यांचा मिळून हा गलका असावा, असा अंदाज आहे. तो ऐकायला लायगोच्या चार-चार किलोमीटरच्या भुजा फारच तोकड्या.

म्हणून पल्सार. मेलेल्या ताऱ्यांचे हे गाभे. त्यातले काही सेकंदाला शेकडो गिरक्या घेतात आणि त्यांचे रेडिओ ठोके घड्याळासारखे येतात. मधून गुरुत्वीय लहर गेली की ठोका किंचित मागेपुढे होतो. किंचित म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी!

खरी गंमत इथे आहे, आणि बातम्यांत नेमकी तीच राहून गेली. पल्सारपासून आपल्यापर्यंतच्या वाटेत विरळ इलेक्ट्रॉन पसरलेले असतात, त्यांच्यामुळे ठोका रेंगाळतो. वारंवारता कमी, तितका उशीर जास्त: ४०० मेगाहर्ट्झवर तो १४०० पेक्षा सुमारे बारा पट असतो. त्यात हे इलेक्ट्रॉनही एका जागी राहत नाहीत, म्हणजे उशीर पुन्हा बदलता. तो नेमका वजा केला नाही, तर भलत्यालाच गुरुत्वीय लहर समजून बसाल. खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना गटांत वाटून एकाच वेळी ३००-५०० आणि १४०० मेगाहर्ट्झच्या आसपास निरीक्षण करता येतं, त्यामुळे हा हिशोब तिथे फार बारकाईने होतो. युरोपीय गटाच्या २५ पल्सारांच्या जवळपास पंचवीस वर्षांच्या नोंदींना भारत-जपान गटाने या निरीक्षणांची जोड दिली. निकाल दोघांचा मिळून आहे.

त्याच सुमारास अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनच्या गटांनीही आपापले निकाल जाहीर केले. आकाशात दोन पल्सारांमध्ये किती अंशांचं अंतर आहे, त्यानुसार त्यांच्या ठोक्यांतली गडबड जुळायला हवी, हे हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्येच मांडलं होतं. तशी जुळणी दिसू लागली आहे. पण युरोप-भारताच्या निकालाची खात्री तीन सिग्माच्या आसपास होती (म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता साधारण हजारात एक), आणि भौतिकीत पाचच्या खाली कुणी ‘शोध’ म्हणत नाही. ‘पुरावा मिळाला’ म्हणा, ते बरोबर.

यात कुणी हिंगोलीच्या औंढा नागनाथचं नाव घुसडलं, तर ते प्रकरण वेगळं. तिथली लायगो-इंडिया उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले तेही एप्रिल २०२३ मध्येच, त्यामुळे गल्लत होते. ती २०१५ सारख्या टकरींसाठी आहे.