टाइप सर्टिफिकेट आहे, म्हणजे फवारणीचा ड्रोन सायबरसुरक्षित झाला का?

यवतमाळकडच्या शेतकरी गटाला विक्रेत्याने दिलेली ही खात्री अर्धीच खरी आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ठरलेल्या निकषांत बसल्याची मान्यता, मॉडेलला मिळतं. आतला प्रत्येक सुटा भाग कुठून आला, याची हमी त्यात नसते. फेब्रुवारी २०२२ पासून तयार विदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. म्हणून पैसे देण्याआधी फ्लाइट कंट्रोलर (उड्डाण सांभाळणारा आतला संगणक), जीपीएस, रेडिओ लिंक आणि कॅमेरा कोणत्या कंपनीचे व कोणत्या देशातले, हे लेखी घ्या. शेताचे नकाशे कोणत्या सर्व्हरवर जातात, तेही विचारा. इथे विक्रेता टाळाटाळ करत असेल तर दुसरा पाहा.

यूआयएन, म्हणजे ड्रोनचा नोंदणी क्रमांक, हा फ्लाइट कंट्रोलर आणि रिमोटच्या सिरियल नंबरशी जोडलेला असतो. ऐन हंगामात कपाशीवर फवारणी अडली, की गावातला मेकॅनिक मिळेल तो कंट्रोलर बसवून देतो. मग नोंद जुळत नाही आणि आतलं फर्मवेअर (त्या भागातच बसवलेलं सॉफ्टवेअर) कुणाचं, तेही कळत नाही. बदल करायचाच असेल तर सरकारी पोर्टलवर नोंद सुधारा.

रिमोटचा वायफाय पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. ड्रोन आणि रिमोट यांच्यातल्या संदेशांसाठी मॅव्हलिंक-२ ही पद्धत असेल तर मेसेज सायनिंग, म्हणजे संदेश खऱ्या रिमोटचाच आहे हे तपासणारी सोय, चालू करून मागा. ते बहुधा बंदच असतं. फर्मवेअर फक्त उत्पादकाकडूनच घ्या, व्हॉट्सॲपवर आलेली फाइल कधीच नको. अपडेटनंतर टाकीत साधं पाणी भरून मोकळ्या धुऱ्यावर कमी उंचीवर उडवा, रिटर्न-टू-होम (आपोआप परत येणं) तपासा.