कापूस विकला, आता अंदमान!

प्रश्न: ताई, आमचं गाव वरोऱ्याजवळ. कापूस विकून झाला की फेब्रुवारीत आईबाबांना घेऊन अंदमानला जायचं म्हणून राह्यलो. आईचे गुडघे दुखतात. जहाजानं जावं का विमानानं, अन् राहायचं कुठं?

उत्तर: अरे बाप्पा, जहाजाचं डोक्यातून काढ आधी! चेन्नईहून जवळपास तीन दिवस लागतात, आईला बोटीत लागलं तर पाण्यात उतरून थोडंच परत येता येते. वरोऱ्याहून नाहीतर बल्लारशाहहून रेल्वेनं चेन्नई गाठा, एक रात्र तिथं आराम करा अन् सकाळचं विमान पकडा, दोन-सव्वादोन तासात पोर्ट ब्लेअर, ज्याचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम झालंय.

पहिल्या दोन रात्री तिथंच, सेल्युलर जेल बघा. मग हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप, तिथं दोन रात्री. हॉटेल बुक करताना फोन करून तळमजल्याचीच खोली मागायची, फोटोत जिने दिसत नाहीत.

आता माझी फजिती ऐक. हॅवलॉकहून परतीची फेरी, म्हणजे प्रवासी बोट, अन् विमान आम्ही एकाच दिवशी ठेवलं होतं. वारा सुटला, फेरी रद्द, विमान गेलं उडून, अन् आम्ही जेट्टीवर बॅगांवर बसून घरचा चिवडा खात होतो. म्हणून शेवटची रात्र श्री विजयपुरमलाच काढायची, म्हणजे काढायचीच.

अन् तिकडं संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडते, फिरणं सकाळीच उरका. बाबांना सांगून ठेव, किनाऱ्यावरचे शंख-पोवळे उचलून आणायला मनाई आहे.