कंपनीची खुर्ची रिकामीच राहू दे

प्रिय,

तुझं पत्र रविवारी मिळालं. तुमच्या फाँट बदलायच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या दोघांनाही कंपनीनं दुसऱ्या कामावर घेतलं, सर्व्हरचं भाडं मार्चपर्यंतच भरलंय, आणि शेवटी तू लिहिलंयस, "आता मी एकटाच आहे ताई, पण पुरून उरेन." त्या शेवटच्या वाक्यानं मला काळजीत टाकलं, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितेय.

तुझं काम मोलाचं आहे. गावोगावच्या छापखान्यांत, दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षांचा मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असल्या जुन्या फाँटांत अडकून पडलाय. तो फाँट संगणकावर नसला की फाइलमध्ये नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा पसारा दिसतो. एक शब्द शोधायचा म्हटला तरी सापडत नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा एकाच ठरलेल्या पद्धतीत, आणणारं तुमचं सॉफ्टवेअर बंद पडता कामा नये. आणि ते चालवताना तू मोडून पडता कामा नयेस.

पुरून उरेन असं मीही एकदा म्हटलं होतं. आमचं मराठी शब्दतपासणीचं काम एका कंपनीच्या आधारानं चालायचं. तिनं हात काढून घेतल्यावर चार वर्षं मी रात्री जागून ते ओढलं. सर्व्हरसाठी पदरमोड केली, आलेल्या प्रत्येक तक्रारीला उत्तर दिलं. मग वडील आजारी पडले. सात आठवडे मी दवाखान्यात होते, आणि नेमकी त्याच काळात आमच्या डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याची, मुदत संपली. नूतनीकरणाची सूचना जात होती ती कंपनी सोडून गेलेल्या एका माणसाच्या ईमेलवर. खातं कुठे आहे हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. मी परत आले तेव्हा आमच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात झळकत होती. शब्दांची यादी वाचली, पण माणसं पांगली ती पांगलीच.

तेव्हा सगळ्यात आधी नाव कोणाचं आहे ते बघ. ऑरेकलनं जानेवारी 2010 मध्ये सन कंपनी विकत घेतली, तिच्याबरोबर ओपनऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअरही गेलं. त्याच वर्षी 28 सप्टेंबरला स्वयंसेवकांनी वेगळी चूल मांडली. कोणीही कोड घ्यावा असा परवाना मोकळा असल्यामुळे कोड नेता आला, नाव नेता आलं नाही. नाव आम्हाला द्या अशी त्यांनी ऑरेकलला विनंती केली आणि तोवर काम चालावं म्हणून 'लिब्रेऑफिस' हे नाव घेतलं. ते तात्पुरतं नाव आजही चालू आहे. पुढच्या फेब्रुवारीत जर्मनीत संस्था उभी करण्यासाठी त्यांनी 50,000 युरोंचं आवाहन केलं, आणि आठ दिवसांत रक्कम जमली. तुमच्या कंपनीशी अजून गोडी आहे. याच महिन्यात नाव, डोमेन, कोडचं भांडार आणि आवृत्तीवर डिजिटल सही करायच्या किल्ल्या लेखी मागून घे. सहा महिन्यांनी असं मागणीचं पत्र तिथे कोणाला पाठवायचं हेही सांगणारं कोणी उरणार नाही.

आता थंडरबर्ड. तू ते रोज वापरतोस, पण त्याच्यावर काय ओढवलं होतं हे तुला बहुधा माहीत नसेल. जुलै 2012 मध्ये मोझिलानं, म्हणजे फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्यांनी, सांगितलं की या ईमेल सॉफ्टवेअरवर आता नवं काही करायचा आमचा बेत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या चालू राहतील, बाकीचं समुदायानं बघावं. वापरणारी लाखो माणसं होती तिथेच होती. पण थंडरबर्ड उभं आहे ते फायरफॉक्सच्या कोडवर. फायरफॉक्सवाले पुढे जात राहिले, पायातल्या विटा बदलत राहिले, आणि दर वेळी वर काहीतरी ढासळायचं. स्वयंसेवकांचे कितीतरी श्रम नुसतं उभं राहण्यातच खर्ची पडले. ज्याला जे सुचेल ते तो जोडायचा, एकूण दिशा कोणाच्याच हातात नव्हती. तो गुंता पार 2023 च्या आवृत्तीपर्यंत सोडवावा लागला.

मला त्यांचं कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीसाठी. 2014 मध्ये टोरांटोला जमून त्यांनी आपल्यातूनच एक मंडळ निवडलं. कोणाशी बोलायचं, हा प्रश्न तिथे सुटला. डिसेंबर 2015 मध्ये मोझिलाकडून पूर्ण विभक्त होण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा बोलणी करायला हे मंडळ होतं. मे 2017 मध्ये ठरलं की कायदेशीर आणि आर्थिक घर मोझिला फाउंडेशनचंच राहील, रोजचा कारभार मात्र थंडरबर्डनं देणग्यांच्या बळावर स्वतः चालवायचा. जानेवारी 2020 मध्ये त्यासाठी फाउंडेशनच्याच मालकीची वेगळी कंपनी निघाली. 2021 मध्ये वर्षाच्या देणग्या सुमारे 28 लाख डॉलर होत्या, 2022 मध्ये सुमारे 64 लाख. त्या वर्षी त्यांनी सॉफ्टवेअरच्या आतच, वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, देणगीची विनंती दाखवली होती. माणसं तीच होती. त्यांना समोरासमोर विचारलं गेलं.

आपल्याकडे इथेच घोडं अडतं. फुकट दिलेल्या गोष्टीचे पैसे कसे मागायचे, म्हणून आपण गप्प बसतो. मी चार वर्षांत एकदाही मागितले नाहीत आणि त्याला तत्त्व म्हणत राहिले. माझी ती चूक तू करू नकोस. मागताना शब्द मात्र नीट निवड. छापखानेवाल्याला 'देणगी' म्हणालास तर तो एकदा दोनशे रुपये देईल आणि विसरेल. त्यालाच 'एएमसी', म्हणजे वर्षाचा देखभाल करार, म्हण. झेरॉक्स मशीनची, एसीची, पाण्याच्या फिल्टरची एएमसी तो दरवर्षी बिनतक्रार भरतो, कारण मशीन बंद पडलं तर कोणाला फोन करायचा हे त्याला माहीत असतं. ग्रंथालयांचं आणि महाविद्यालयांचं तर त्याहून सरळ आहे. त्यांच्या हिशेबात देणगीसाठी रकाना मिळणं अवघड, पण पक्कं बिल आलं की ते मंजुरीला ठेवता येतं. बिलासोबत वर्षभरात काय मिळेल ते एका पानावर लिही. दोन आवृत्त्या, तक्रारीला पंधरा दिवसांत उत्तर, एखाद्या नव्या फाँटचा तक्ता, म्हणजे त्याचं कोणतं अक्षर युनिकोडमध्ये कोणतं याची यादी. झेपेल त्याच्या निम्मंच कबूल कर. सॉफ्टवेअर सगळ्यांना मोकळंच राहील. हे पैसे तुझ्या वेळेचे आहेत.

मोठ्या रकमेसाठी झिरोधा या शेअर दलाली कंपनीचा, मोकळ्या सॉफ्टवेअरसाठीचा फ्लॉस फंड आहे, ऑक्टोबर 2024 पासून, वर्षाला दहा लाख डॉलरचा. अर्ज जरूर कर, पण त्याच्या भरवशावर बसू नकोस. एका मोठ्या खांबावर छप्पर टेकवलं की काय होतं ते आत्ताच बघितलंयस. ट्रस्ट काढायचीही घाई नको. परदेशातली मराठी मंडळी पैसे पाठवतील असं तू लिहिलंयस. पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाची देणगी आपल्या कायद्यात परदेशीच धरतात, आणि ती घ्यायला ट्रस्टला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. आधी एखाद्या सीएला भेट.

माणसं जोडायला मात्र आजच लाग, अंगात बळ आहे तोवर. फाइल दाबून लहान करणारं एक्सझेड नावाचं साधन लिनक्स प्रणालीच्या जवळपास प्रत्येक संगणकावर असतं. ते वर्षानुवर्षं एकच माणूस विनामोबदला सांभाळत होता. 2022 मध्ये अनोळखी खात्यांवरून त्याच्यामागे तगादा लागला की काम इतकं हळू का, दुसऱ्याकडे का देत नाहीस. मदतीला 'जिया टॅन' नावाचं कोणीतरी हजर होतंच. हळूहळू त्या खात्याच्या हाती अधिकार आले, आणि 2024 च्या सुरुवातीच्या दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा बसला. सर्व्हरवर लॉगइन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा प्रश्न आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला पडला आणि 29 मार्च 2024 ला हे उघडकीला आलं. ज्यानं ते काम एकट्यानं वाहिलं त्याला मी मुळीच दोष देत नाही. दमलेल्या माणसासमोर कोणी हात पुढे केला तर तो पारखून बघायचं त्राण उरत नाही. इतकं मोठं जग त्याच्या कामावर उभं होतं आणि त्याच्या शेजारी कोणी नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

तुझ्याकडे ओळखीची, तपासलेली माणसं आहेत. सांगलीच्या त्या डीटीपीवाल्या काकू दोन वर्षं शिवाजी फाँटच्या तक्त्यातल्या चुका वहीच्या पानावर लिहून फोटो पाठवतायत. त्यांना कोड येत नाही म्हणून तू त्यांना 'वापरणारी' समजतोस. माझ्या मते तुमच्या प्रकल्पातलं सगळ्यात अवघड काम त्याच करतात. तक्त्यांची जबाबदारी त्यांच्या नावावर लिही, लोकांना दिसेल अशी.

आणि ती ऑनलाइन रूपांतराची सेवा बंद कर. तुला वाईट वाटेल, ती तूच बांधलीस. पण सर्व्हरचा सगळा खर्च तीच खाते. तक्त्यावरून अक्षरं बदलायचं काम ब्राउझरमध्ये, वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर होऊ शकतं. मग एक साधं पान ठेवलं की भागलं, आणि लोकांची हस्तलिखितं तुमच्याकडे चढवावीही लागणार नाहीत. कंपनी जे जे करायची ते सगळं तू करायचं, असं कोणीही ठरवलेलं नाही. त्यांची खुर्ची रिकामी दिसली तर दिसू दे.

शनिवारी दुपारी घरी ये, लॅपटॉप घेऊन. प्रत्येक खातं कोणत्या ईमेलवर आहे आणि कधी संपतं याचा तक्ता आपण बसून करू, आणि त्याच्या प्रती तीन जणांकडे ठेवू. येण्याआधी काकूंना फोन कर. फेब्रुवारीची आवृत्ती तू काढू नकोस. तुझ्या त्या नाशिकच्या मित्राला काढू दे, तू शेजारी बस आणि तो अडेल तिथे काय अडलं ते लिहून घे.

तुझी,
ताई